रबाळे एमआयडीसीतील कॅम्परव्हॅन वायरिंग: १२ व्होल्टची बाजू चोख, २३० व्होल्टची बाजू तपासून घ्यावी

कॅम्परव्हॅन, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, बांधून देणारी वर्कशॉप आता ठाणे आणि नवी मुंबईतही दिसू लागली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची जाहिरात फर्निचरवर चालते: सागवानी दिसणारे लॅमिनेट, घडीचा पलंग, छतातले मंद दिवे. वीजकाम पॅनेलच्या मागे जाते आणि त्याबद्दल विचारले, तर “सगळे ब्रँडेड टाकतो” एवढेच उत्तर मिळते. रबाळे एमआयडीसीतल्या ज्या लहान वर्कशॉपकडून आम्ही आमच्या टेम्पो ट्रॅव्हलर जातीच्या व्हॅनचे वीजकाम करून घेतले, तिथे पलंगाचा विषय अगदी शेवटी निघतो. पहिला प्रश्न असतो तो गाडीत कोणकोणती उपकरणे, किती वेळ आणि एका वेळी किती चालवणार, हा. वर्कशॉपवर पाटी नाही आणि मालकांना जाहिरात नको आहे, त्यामुळे नाव देत नाही. पण असे काम कोणाकडूनही करून घेताना काय पाहावे हे कळावे, म्हणून त्यांचे काम तपशिलाने मांडतो आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. बॅटरीपासून १२ व्होल्टच्या उपकरणांपर्यंतचे त्यांचे काम इतके नेटके आहे की, एका स्विचची जागा सोडली तर, त्यात खोट काढायला जागा नाही. इन्व्हर्टरच्या पुढची, म्हणजे २३० व्होल्टची बाजू मात्र ग्राहकाने नेमके प्रश्न विचारल्यावरच पूर्ण झाली. आणि त्यांच्याकडून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, तर काही उपकरणांना ते देत असलेला स्पष्ट नकार.

पहिल्या भेटीत त्यांनी एक छापील तक्ता भरून घेतला. आमच्या यादीत १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा छोटा फ्रीज, छतातला पंखा, एलईडी दिवे, पाण्याचा पंप, लॅपटॉप, मोबाइल आणि ५०० वॉटचा मिक्सर होता. शिवाय घरातली मंडळी आग्रही असल्यामुळे इंडक्शन शेगडी आणि विजेची किटली हीदेखील होती. फ्रीज चालू असताना साधारण ४५ वॉट घेतो, पण कॉम्प्रेसर सतत चालत नाही, म्हणून उन्हाळ्यात दिवसाला सुमारे ६०० वॉट-तास धरले. पंखा, दिवे, लॅपटॉप आणि बाकी किरकोळ धरून एकूण हिशेब १२०० वॉट-तासांवर आला. घरच्या वीजबिलाच्या भाषेत हे सव्वा युनिटसुद्धा नाही. त्यावरून त्यांनी १२.८ व्होल्टची, २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुचवली, जिच्यात अडीच युनिटांहून किंचित अधिक वीज मावते. ती पूर्ण रिकामी करायची नाही हे धरले, तरी ऊन आणि प्रवास दोन्ही नसताना दीड दिवस निघतो. विक्रेत्याने ग्राहकाला मोठी बॅटरी विकण्याऐवजी पुरेशी बॅटरी विकावी, हे आजकाल क्वचितच घडते.

इंडक्शन आणि किटलीवर मात्र त्यांनी तिथल्या तिथे काट मारली. त्यामागचे गणित त्यांनी कागदावर करून दाखवले आणि ते कॅम्परव्हॅन घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे, कारण सगळी सुरक्षितता त्यातच आहे. वॉटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. घरी २३० व्होल्टवर १८०० वॉटची शेगडी आठ अँपिअरच्या आतबाहेर करंट घेते, जो आपल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला सहज झेपतो. तीच शेगडी गाडीत इन्व्हर्टरवर चालवली, तर इन्व्हर्टरमधली दहा-बारा टक्के गळती धरून बॅटरीतून सुमारे १६० अँपिअर ओढले जातात. एवढा करंट सलग झेपेल अशी बॅटरी, तिचे बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा), केबल, फ्यूज आणि लग (केबलच्या टोकांचे धातूचे जोड) यांचा खर्च तर वाढतोच, पण तासभर मध्यम आचेवर स्वयंपाक केला तरी अर्ध्याहून अधिक बॅटरी संपते. “चहासाठी निदान १२ व्होल्टची किटली तरी?” या प्रश्नालाही उत्तर तयार होते. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारी १५० वॉटची किटली एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला, उष्णता अजिबात वाया गेली नाही असे मानले तरी, पस्तीस मिनिटे घेते. आणि तेवढा वेळ त्या सॉकेटमधून साडेबारा अँपिअर वाहत राहतात, जे त्याच्या १५ अँपिअरच्या फ्यूजच्या अगदी काठावर आहे. तात्पर्य, उष्णता निर्माण करणारी उपकरणे, म्हणजे शेगडी, किटली, इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र आणि गिझर, ही बॅटरीवर चालवायची नाहीत. स्वयंपाक गॅसवर करायचा.

ठाण्यातला प्रत्येक ग्राहक सर्वांत आधी एसीचे विचारतो, असे मालक हसत म्हणाले. एक टनाचा एसी हजार-बाराशे वॉट घेतो, म्हणजे आमची पूर्ण भरलेली बॅटरी तो सलग चालवला तर दोन-अडीच तासांत आटोपेल. घोडबंदर रस्त्यावरच्या मे महिन्यातल्या दुपारी छतातला पंखा पुरत नाही हे मान्य, पण त्यावरचा उपाय सह्याद्रीत वर जाणे हा आहे, बॅटरीची संख्या वाढवणे हा नव्हे, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

१२ व्होल्टला हात लावला तर झटका बसत नाही, म्हणून ही यंत्रणा निर्धोक आहे, असा एक समज सर्रास आढळतो. झटक्यापुरता तो खराही आहे. पण कमी व्होल्टचा धोका झटक्याचा नसून आगीचा आहे, कारण तेवढीच शक्ती पोचवायला करंट जवळपास वीसपट लागतो आणि तारेत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. आमच्याकडे १००० वॉटचा इन्व्हर्टर आहे. तो पूर्ण भाराने चालला, तर बॅटरी आणि त्याच्यामधल्या केबलमधून ९० ते ९५ अँपिअर जातात. घरात एसी आणि गिझरसाठी वायरमन जी “चार एमएम”ची, म्हणजे ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकतात, ती इथे जाता-येता चार मीटर टाकली असती, तर तारेतच दीड व्होल्टहून जास्त घट झाली असती आणि दीडशे वॉटच्या आसपास उष्णता प्लायवुडच्या मागे, इन्सुलेशनला चिकटून निर्माण होत राहिली असती. त्याच जागी त्यांनी ३५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची लवचीक केबल वापरली आहे, जिच्यात घट एक पंचमांश व्होल्टच्या आत राहते. आणखी एक गोष्ट या गणितातून उलगडते. कमी जाडीच्या तारेमुळे इन्व्हर्टरपर्यंत व्होल्टेज पोचत नाही, तो ‘लो बॅटरी’ची शिटी वाजवून बंद पडतो, आणि मग लोक बॅटरीला किंवा इन्व्हर्टरला दोष देत दुकानांच्या पायऱ्या झिजवतात.

केबल निवडताना त्यांनी एक टोक कापून, तार पात्याने खरवडून दाखवली. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या नावाखाली विकली जाते. ती वजनाला हलकी लागते आणि खरवडली की आतून पांढरी निघते. तिची वहनक्षमता कमी आणि स्क्रूखाली दबत जाऊन सैल होण्याची सवय वाईट. गाडीच्या कंपनात हा दोष फार लवकर उघडा पडतो. टोकांना लग लावताना हातोडीने ठोकणे किंवा नुसते डाख देणे हा प्रकार इथे नाही. हायड्रॉलिक क्रिम्पिंग यंत्राने षटकोनी दाब दिला जातो आणि वर गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढते. हे सगळे बारकावे दिखाऊ वाटतील, पण एखाद्या लगमध्ये अवघा पाच मिलिओहमचा रोध शिल्लक राहिला, तर ९५ अँपिअरला त्या एका बिंदूवर ४५ वॉट उष्णता तयार होते. आपल्या सोल्डरिंग आयर्नची ताकद साधारण तेवढीच असते. लग कथिलाचा मुलामा दिलेले आहेत, आणि खाडीकाठच्या व कोकणच्या खाऱ्या हवेत फिरणाऱ्या गाडीसाठी ते आवश्यकच आहेत.

फ्यूजच्या बाबतीत हे वर्कशॉप मला सर्वांत आवडले. दोन गोष्टी ते ठामपणे सांगतात: फ्यूज उपकरणासाठी नसतो, केबलसाठी असतो; आणि तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला लागूनच हवा. मी पाहिलेल्या इतर काही व्हॅनमध्ये मोठा फ्यूज इन्व्हर्टरजवळ, सोयीच्या जागी बसवलेला होता, म्हणजे बॅटरीपासून तिथपर्यंतची केबल पूर्णपणे उघडी. दिंडीदरवाजा सताड उघडा ठेवून माजघराला कुलूप लावण्यातला हा प्रकार. केबल चेसिसच्या पत्र्यावर कुठे घासली, तर तो फ्यूज जागचा हलणार नाही आणि करंट मधल्यामधे वाहून केबल लालबुंद होईल. आमच्या गाडीत बॅटरीच्या टोकापासून हातभर अंतराच्या आत १२५ अँपिअरचा क्लास टी फ्यूज आहे. ९५ अँपिअरच्या सव्वापट घेतले की साधारण हाच आकडा येतो आणि तो ३५ चौरस मिलिमीटरच्या केबलच्या क्षमतेखाली राहतो.

क्लास टीच का, हा प्रश्न मी विचारला, कारण तो महाग आहे आणि सहज मिळत नाही. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध काही मिलिओहम इतकाच असल्यामुळे शॉर्ट सर्किट झाल्यास क्षणभर हजारो अँपिअर वाहू शकतात. तेव्हा साध्या फ्यूजची पट्टी वितळते खरी, पण मधल्या फटीत ठिणगीचा पूल तयार होऊन करंट चालूच राहण्याची भीती असते. क्लास टीमधील भरणीची वाळू ती ठिणगी विझवते आणि त्याची तोडण्याची क्षमता २०,००० अँपिअरची आहे. बॅटरीत बीएमएस असतेच की, असे कोणी म्हणेल. परंतु बीएमएस ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे, ती स्वतः जळताना बहुधा ‘चालू’ अवस्थेतच अडकते, म्हणून तिच्यावर फ्यूजचे काम सोपवू नये.

याच कारणासाठी घरगुती एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारे स्विच) डीसीच्या, म्हणजे बॅटरी आणि सोलरच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या, वाटेवर वापरायचे नाहीत. घरच्या विजेचा, दिशा बदलत राहणारा एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. छतावरच्या दोन सोलर पॅनेलची जोडणी सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, असल्यामुळे तिथे पन्नास व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि त्या वाटेवर त्यांनी डीसीसाठीच बनवलेला आयसोलेटर, म्हणजे वाट तोडणारा स्विच, दिला आहे. सोलरबद्दल याहून फार लिहिण्यासारखे नाही. चारशे वॉटचे पॅनेल ऑक्टोबर ते मे मजेत काम करतात. जून-जुलैत कोकणात त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. छतातून तार आत येते तिथला ग्लँड (तारेभोवती घट्ट बसून पाणी अडवणारा जोड) आणि त्याखाली तारेला मुद्दाम ठेवलेला झोळ, ज्यामुळे पाणी तारेवरून आत न उतरता खाली ठिबकून जाते, एवढी एक गोष्ट पावसाळ्यापूर्वी पाहून घ्यावी.

लहान उपकरणांसाठी ब्लेड फ्यूजची पेटी दाराशेजारी, हाताला येईल अशी बसवली आहे. दिव्यांना ५, पंपाला १० आणि फ्रीजला १५ अँपिअर, आणि प्रत्येकावर मराठीत चिठ्ठी. फ्रीजसाठी सिगारेट लायटरचे सॉकेट वापरायला त्यांनी साफ नकार दिला. त्या सॉकेटमधला स्प्रिंगचा संपर्क रस्त्यातल्या हादऱ्यांनी सैल होतो, गरम होतो, प्लॅस्टिक वितळते, आणि घाटातल्या वळणांवर फ्रीज बंद-चालू होत राहतो. त्याऐवजी घट्ट बसणारा अँडरसन कनेक्टर दिला. लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर न वापरता थेट १२ व्होल्टवर चालणारा ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर लावला, हेही शहाणपणाचे. इन्व्हर्टर काही न चालवताही दहा-वीस वॉट खातो, आणि तो रात्रंदिवस चालू ठेवला तर आमच्या दिवसभराच्या गरजेच्या चौथ्या हिश्शाएवढी वीज नुसतीच जाते. म्हणून इन्व्हर्टरचे बटण स्वयंपाकाच्या ओट्याजवळ आहे. मिक्सर फिरवायचा, बटण बंद करायचे.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा आहे. स्वस्तातला, पायऱ्यापायऱ्यांची लहर देणारा इन्व्हर्टर मिक्सरची मोटर गरम करतो आणि गुणगुणतो. मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, त्यामुळे ५०० वॉटच्या मिक्सरला ५०० वॉटचा इन्व्हर्टर पुरत नाही. घरातला जुना इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी गाडीत बसवून पैसे वाचवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. १५० अँपिअर-तासांची तशी बॅटरी पन्नास किलोंहून जड असते, तिच्यातून निम्म्याहून जास्त वीज काढणे तिला सोसत नाही, चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि घाटात आम्ल हिंदकळते. झोपायच्या जागेखाली ती नको.

चालत्या इंजिनावरून चार्जिंगसाठी ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आहे. एका साध्या रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) गाडीची मूळ आणि ही, अशा दोन्ही बॅटऱ्या जोडल्या, तर रिकामी लिथियम बॅटरी अल्टरनेटरकडून (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडून) तो देईल तेवढा करंट ओढत राहते आणि इंजिन मंद चालू असताना, म्हणजे माजिवड्याच्या किंवा ऐरोलीच्या कोंडीत, थंड हवा मिळत नसतानाच अल्टरनेटर तापतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांत अल्टरनेटरचे व्होल्टेज गाडीचा संगणक सतत कमी-जास्त करतो, तिथे तर रिलेचा उपयोगच होत नाही. या चार्जरने तासाभराच्या प्रवासात ०.४ युनिट मिळते, म्हणजे ठाण्याहून माळशेज घाट गाठेपर्यंत एक युनिटाच्या आसपास जमा झालेले असते. गाडीची मूळ बॅटरी स्वतंत्र राहते आणि सकाळी इंजिन सुरू होईल की नाही ही धास्ती उरत नाही.

आता तक्रारीकडे वळतो. इन्व्हर्टरच्या पुढे त्यांनी एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवला होता, सॉकेट नीट ISI चिन्हाचे होते आणि टेस्ट बटण दाबले की आरसीसीबी टकन पडत होता. दिसायला सगळे पूर्ण. परंतु बहुतेक छोट्या इन्व्हर्टरचे आउटपुट तरंगते असते, म्हणजे त्याच्या दोन्ही तारांपैकी एकही अर्थला जोडलेली नसते. अशा वेळी गळतीचा करंट परत जाण्यासाठी वाटच नसते, त्यामुळे आरसीसीबीला गळती कधी कळतच नाही. पहिल्या दोषाला काहीच घडत नाही. दुसऱ्या तारेचा दोष उद्भवला किंवा कोणी दोन्हींना स्पर्श केला की संरक्षण उरत नाही. टेस्ट बटण मात्र फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्येच एक छोटा रोध आरसीसीबीच्या कॉइलला वळसा घालून जोडते, म्हणून ते अर्थिंग नसतानाही काम करते आणि खोटा दिलासा देते. इन्व्हर्टरच्या आउटपुटला न्यूट्रल आणि अर्थ यांचा जोड हवा, आणि तो अर्थ गाडीच्या चेसिसला हवा. वर्कशॉपने तो दिलेला नव्हता.

मी हे विचारले तेव्हा पहिले उत्तर “गाडीला टायर असतात, अर्थिंगची गरज नाही” असे आले, आणि इतक्या काळजीने फ्यूज बसवणाऱ्या माणसाकडून ते ऐकून मी जरा चकित झालो. मालकांनी मात्र आढेवेढे घेतले नाहीत. इन्व्हर्टरचे माहितीपत्रक काढून वाचले, असा जोड त्याला चालतो याची खात्री केली आणि मगच तो दिला. ही खात्री महत्त्वाची आहे, कारण काही इन्व्हर्टरमध्ये दोन्ही तारा आतूनच अर्थपासून सारख्या अंतरावर, सुमारे ११५ व्होल्टवर ठेवलेल्या असतात. त्यांतली एक बाहेरून अर्थला जोडली तर इन्व्हर्टर जळतो.

याच बाजूला दुसरी उणीव बाहेरच्या विजेच्या जोडणीत होती. होमस्टेच्या अंगणात गाडी उभी करून त्यांच्या सॉकेटवरून वीज घेताना इन्व्हर्टर आणि बाहेरची वीज कधीही एकत्र येता कामा नयेत. सुरुवातीला साधा चेंजओव्हर (दोहोंपैकी एक पुरवठा निवडणारा स्विच) होता, तो फक्त फेज बदलायचा. आता तो दोन्ही तारा बदलतो आणि बाहेरची वीज आली की इन्व्हर्टरकडचा न्यूट्रल-अर्थ जोड आपोआप सुटतो, कारण त्या पुरवठ्याचा जोड त्याच्या मुळाशी आधीच असतो. दोन ठिकाणी जोड राहिला तर यजमानांचा आरसीसीबी पडतो आणि रात्री त्यांच्या घरातली लाइट जाते. दुरुस्तीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. तरीही ज्या ग्राहकाला हे विचारायचे सुचणार नाही त्याची गाडी तशीच बाहेर पडत असेल, ही शंका मनात राहते, आणि म्हणून गुण देताना मी इथे हात आखडता घेतला आहे.

बाहेरून वीज घेण्याची केबल त्यांनी २.५ चौरस मिलिमीटरची, तीन तारांची दिली, सोबत सॉकेटची अर्थिंग तपासणारा छोटा टेस्टरही दिला. ती रिळावर गुंडाळलेल्या अवस्थेत वापरू नये, पूर्ण उलगडावी, ही त्यांची सूचना मोलाची आहे. गुंडाळलेली केबल आपलीच उष्णता कोंडून ठेवते.

जागेबद्दल दोन शब्द. लिथियम आयर्न फॉस्फेट इतर लिथियम प्रकारांपेक्षा उष्णता अधिक सोसते, तरीही उन्हात बंद उभ्या गाडीतले तापमान पन्नास अंशांवर जाते आणि तशा वेळी चार्जिंग टाळलेले बरे. आमची बॅटरी इंजिनापासून दूर, मागच्या बाकाखाली, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल अशा कप्प्यात आहे. गॅसचा पाच किलोचा सिलिंडर वेगळ्या, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात असून त्याच्या तळाला झरोका आहे, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. रिले, स्विच किंवा फ्यूज त्या कप्प्यात एकही नाही. एक गोष्ट खटकली: मुख्य कट-ऑफ स्विच त्यांनी बाकाच्या आत लपवला होता. तो आता सरकत्या दाराच्या पायरीशी आहे, धूर दिसला तर बाहेर उभे राहून फिरवता येतो.

कागदपत्रांत हे वर्कशॉप कच्चे आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत बदल करायचा तर आरटीओची मान्यता लागते, आसने काढून पलंग बसवणे त्यात येते, आणि त्या कामात ते अजिबात लक्ष घालत नाहीत; आम्हाला ठाण्याच्या आरटीओत स्वतः जावे लागले. विमा कंपनीला वीजकामाची लेखी माहिती देण्यासाठी वायरिंगचा आराखडा मागितला, तेव्हा वहीच्या पानावर पेनाने काढलेले चित्र हाती आले. चित्र अचूक होते, प्रत्येक तारेची जाडी आणि फ्यूजचा आकडा त्यावर होता, पण सही-शिक्का मिळवायला पाठपुरावा करावा लागला.

बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर, सोलर आणि मजुरी धरून बिल सव्वादोन लाखांच्या आसपास झाले, जीएसटी वेगळा. यापेक्षा स्वस्त कोटेशन आम्हाला तुर्भ्यात मिळाले होते. त्यात केबलची जाडी लिहिलेलीच नव्हती आणि मोठ्या फ्यूजचा उल्लेख नव्हता, तेव्हा फरक कुठे पडला हे सांगायला नको. कामाला त्यांनी सांगितल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला आणि फोन उचलण्याची त्यांना सवय नाही. गाडी ताब्यात घेताना मिक्सर, फ्रीज, पंखा आणि पंप एकाच वेळी चालवून, क्लॅम्प मीटरने करंट आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक लगचे तापमान मोजून दाखवा, असे सांगावे. ते आपणहून करत नाहीत, पण सांगितले तर आनंदाने करतात, आणि आमच्या गाडीत एकही लग आजूबाजूच्या हवेपेक्षा हाताला जाणवेल इतका गरम निघाला नाही.